घरच्या ऑडिओ सिस्टिमसाठी पॉवर कंडिशनर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉवर कंडिशनर म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली पाच वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एका डब्यात फक्त सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेजचा अचानक आलेला झटका अडवणारा भाग असतो. दुसऱ्यात त्याच्या जोडीला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. तिसऱ्यात जडशीळ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, चौथ्यात व्होल्टेज सावरणारा स्टॅबिलायझर. पाचवं यंत्र घरात येणारी एसी वीज आधी डीसी करतं आणि तिच्यापासून नवी साइन वेव्ह, म्हणजे विजेची स्वच्छ गोलसर लाट, तयार करून देतं. त्याला रिजनरेटर म्हणतात. बाहेरून सगळे डबे सारखेच दिसतात, मागे सॉकेटची रांग आणि पुढे एखादा दिवा. कामं मात्र इतकी वेगळी की एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. म्हणून कोणता कंडिशनर चांगला हे विचारण्याआधी आपल्या घरच्या विजेचं दुखणं काय आहे ते शोधा. खालची बहुतेक उत्तरं त्या शोधाबद्दलच आहेत.

मला तो खरंच लागेल का?

सर्ज संरक्षण सगळ्यांना लागतं. बाकीच्या गोष्टी सगळ्यांना लागत नाहीत, आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं.

ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, भिंतीतली वीज जशीच्या तशी वापरत नाही. आत ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, ब्रिज रेक्टिफायर एसीचं डीसी करतो आणि मोठे कपॅसिटर ते साठवतात. नीट बांधलेल्या ॲम्पचं सर्किट उरलासुरला रिपल (डीसीवर राहिलेला चढउतार) आवाजात येऊ न देण्यासाठीच आखलेलं असतं. डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र) आणि स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारं यंत्र) यांत त्यापुढे आणखी व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर असतात. तेव्हा तुमचं व्होल्टेज मर्यादेत असेल, गाणं थांबवल्यावर स्पीकर शांत असतील आणि घरातलं दुसरं यंत्र चालू-बंद होताना टकटक ऐकू येत नसेल, तर चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि घट्ट बसणारी सॉकेट्स एवढ्यावर थांबा. उरलेले पैसे स्पीकर आणि खोलीतल्या प्रतिध्वनीवर खर्च करा. तिथला फरक पहिल्याच गाण्यात कानाला कळतो.

व्होल्टेज किती असावं, आणि ते कसं तपासायचं?

२३० व्होल्टच्या पुरवठ्यात साधारण १० टक्के वर-खाली चालतं, म्हणजे २०७ ते २५३. एकदा मोजून काही कळत नाही. पहाटे, भर दुपारी आणि संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे चालू असताना असं आठवडाभर मोजा. मल्टिमीटरच्या पिना सॉकेटमध्ये घालायची सवय नसेल तर सॉकेटमध्ये खोचायचा, किमान आणि कमाल आकडा लक्षात ठेवणारा मीटर वापरा.

कमी व्होल्टेजचा बाऊही फार केला जातो. साधा ट्रान्सफॉर्मर असलेल्या ॲम्पला १० टक्के कमी व्होल्टेज मिळालं तर त्याची कमाल ताकद साधारण १९ टक्क्यांनी घटते, १०० वॅटचे ८१ होतात. डेसिबलमध्ये हा फरक एकाहूनही कमी आहे. ॲम्प शेवटच्या टोकापर्यंत ताणत नसाल तर तो जाणवणारही नाही. ज्या उपकरणांच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असं छापलंय त्यांना तर याचं सोयरसुतकच नसतं. जास्त व्होल्टेजची काळजी मात्र करावी. २२० व्होल्टसाठी बनलेला जुना ॲम्प रोज २५० वर चालला तर तापतो, ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागतो आणि कपॅसिटरचं आयुष्य घटतं.

एक गोष्ट मात्र मीटरवर दिसत नाही. २३० व्होल्टच्या साइन वेव्हचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टला असतं आणि रेक्टिफायर असलेली जवळपास सगळी साधी उपकरणं नेमकी त्या शिखरावर करंट ओढतात. वस्तीतले सगळे टीव्ही, चार्जर आणि दिवे एकाच क्षणी तिथे तुटून पडले की शिखर चपटं होतं. ॲम्पचे कपॅसिटर शिखरापर्यंतच भरत असल्यामुळे मीटर २३० दाखवत असतानाही आतलं व्होल्टेज थोडं कमी राहतं. फिल्टरने हे सुधारत नाही, त्याला रिजनरेटरच लागतो.

स्पीकरमधून घरघर येते. कंडिशनरने जाईल का?

बहुतेक वेळा नाही. लोक कंडिशनर शोधायला निघतात ते याच तक्रारीमुळे, आणि घरी आणल्यावर घरघर तशीच राहते.

यामागचं कारण सोपं आहे. फिल्टर नको असलेली फ्रिक्वेन्सी अडवतो. घरघर ५० किंवा १०० हर्ट्झची आणि वीजही ५० हर्ट्झची. जो फिल्टर ५० हर्ट्झ अडवेल तो ॲम्पची वीजच अडवेल. कंडिशनरच्या फिल्टरचं खरं काम काही दहा किलोहर्ट्झच्या वर सुरू होतं.

तेव्हा आधी घरघर कुठून शिरते ते शोधू. गाणं बंद करा आणि व्हॉल्यूम फिरवून पाहा. घरघर व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर ती व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातून येतेय, म्हणजे सोर्स (गाणं पुरवणारं यंत्र), फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) किंवा त्यांच्या केबलींमधून. तशीच राहत असेल तर पॉवर ॲम्पच्या बाजूने. मग सगळं बंद करून ॲम्पच्या मागच्या सगळ्या सिग्नल केबली काढा, फक्त स्पीकर ठेवा आणि चालू करा. शांत आहे? आता एकेक केबल लावत जा, प्रत्येक वेळी आधी ॲम्प बंद करून. ज्या केबलबरोबर आवाज परत येतो तिच्या पलीकडच्या टोकाला तुमचा गुन्हेगार आहे. तो बहुधा टीव्हीचा केबल बॉक्स, तीन पिनी चार्जरचा लॅपटॉप किंवा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या सॉकेटवर लावलेला सबवूफर निघतो.

याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन उपकरणं दोन ठिकाणांहून अर्थला, म्हणजे जमिनीला जोडली जातात, त्या दोन अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतो आणि तो आरसीए केबलच्या (नेहमीच्या सिग्नल केबलच्या) शिल्डमधून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, वाहत सिग्नलमध्ये मिसळतो. उपाय स्वस्तातले आहेत. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणा. टीव्हीच्या केबलमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (धातूचा थेट संबंध तोडून सिग्नल पुढे जाऊ देणारा जोड) बसवा. ते शक्य नसेल तर सिग्नल केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, किंवा दोन्ही उपकरणांवर असेल तर बॅलन्स्ड एक्सएलआर (दोन तारांत उलटसुलट सिग्नल नेणारी तीन पिनी) जोडणी वापरा.

अर्थची पिन तोडून किंवा प्लगमधली हिरवी वायर सोडवून घरघर घालवायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. घरघर जाते हे खरं. पण आत फेजची वायर सुटून डब्याला टेकली तर तो डबा, सिग्नल केबल आणि तिला जोडलेलं प्रत्येक उपकरण २३० व्होल्टवर जातं. त्या वेळी फ्यूज उडवायला वाटच उरलेली नसते.

टर्नटेबलची गोष्ट वेगळी. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, मूव्हिंग कॉइलवाली पुष्कळशी त्याच्या दशांशही नाही. शेजारी ट्रान्सफॉर्मर असला तर त्याचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये बोलतं. टोनआर्म हलक्या हाताने रेकॉर्डवरून सरकवताना घरघर वाढत-कमी होत असेल तर ॲम्प दूर हलवा. वीज कितीही शुद्ध केली तरी हे जाणार नाही.

आवाज स्पीकरमधून येत नाही, ॲम्पच्या डब्यातूनच येतो. मग?

तो ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय. टोरॉइडल, म्हणजे कड्यासारख्या गोल ट्रान्सफॉर्मरमध्ये हे जास्त होतं. विजेच्या लाइनवर काहीशे मिलिव्होल्ट डीसी आलं तरी त्याचा कोअर (आतला लोखंडी गाभा) एका बाजूने सॅच्युरेट होऊ लागतो, म्हणजे चुंबकत्वाने तुडुंब भरतो, आणि गुरगुर सुरू होते.

हे डीसी येतं लाटेची एकच बाजू वापरणाऱ्या उपकरणांमुळे. काही हेअर ड्रायर आणि हीट गन कमी गतीवर डायोड लावून अर्धीच लाट घेतात. गुरगुर विशिष्ट वेळीच येते का, आणि ड्रायर बंद केला की थांबते का, ते पाहा. तसं असेल तर तुम्हाला डीसी ब्लॉकर हवा. तो काही कंडिशनरमध्ये असतो, बहुतेकांत नसतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही डीसी पुढे जाऊ देत नाही, पण मग गुरगुरायची वेळ त्याच्यावर येऊ शकते. गुरगुर दिवसरात्र सारखीच असेल तर ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट तपासून घ्या.

फ्रिज किंवा पंख्याचा रेग्युलेटर चालू केला की टकटक किंवा चिरचिर ऐकू येते.

इथे फिल्टरवाला कंडिशनर खरोखर कामाचा. कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी पडते आणि तिच्यातून रेडिओ फ्रिक्वेन्सीपर्यंत पसरलेला गोंगाट वायरिंगमध्ये शिरतो. डिमर आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हर तसलाच गोंगाट सतत करत राहतात. हा त्रास मुख्यतः १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो.

माहितीपत्रकात फक्त "नॉइज ६० डीबीने कमी" असं लिहिलेलं असेल तर विचारा, कोणत्या फ्रिक्वेन्सीला? आकडा आणि फ्रिक्वेन्सी सोबत नसतील तर त्या वाक्याला अर्थ नाही. शिवाय ही मोजणी बहुधा दोन्ही बाजूंना ५० ओम धरून केलेली असते आणि घरातल्या वायरिंगचा इम्पीडन्स (एसीला होणारा विरोध) तसा नसतो. म्हणून ६० चे ६० मिळतील ही अपेक्षा नको. फेज-न्यूट्रलमधला आणि या दोन्हींपासून अर्थपर्यंतचा, असे दोन्ही प्रकारचे गोंगाट तो अडवतो का, हेही विचारा.

त्याहून चांगलं म्हणजे गोंगाट जिथे जन्मतो तिथेच थांबवणं. एक वाईट एलईडी बल्ब बदलून जे साधतं त्यासाठी वजनदार डबा विकत आणण्याची गरज नाही. दिवे एकेक करून बंद करत ऐका.

घरातलं अर्थिंग नीट नाही. कंडिशनर ती उणीव भरून काढेल का?

नाही, उलट त्रास वाढेल. फिल्टरमधले काही कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेले असतात. अर्थ जागेवर असेल तर त्यांच्यातून जाणारा बारीकसा करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर उपकरणाचा धातूचा डबा निम्म्या व्होल्टेजवर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतो. ॲम्पच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली की खरखरीत काहीतरी थरथरल्यासारखं लागतं, टेस्टर मंद पेटतो. करंट नगण्य असला तरी सिग्नल केबल खोचताना तोच करंट इनपुटमधून जाऊन नाजूक सर्किट मारू शकतो. सर्ज प्रोटेक्टरचाही फेज ते अर्थ हा भाग अशा घरात निकामीच असतो.

आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग दुरुस्त करून घ्या. ऑडिओसाठी बागेत वेगळा रॉड ठोकून घराच्या अर्थला न जोडता वापरायची टूम अधूनमधून निघते. ती जिवावर बेतू शकते. वीज जवळपास पडली की दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या सिस्टिममधून मिटतो.

अर्थिंग चांगलं आहे, पण फिल्टर लावल्यापासून आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो.

वर सांगितलेला अर्थकडे जाणारा करंट प्रत्येक उपकरणागणिक साठत जातो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. फिल्टरला फिल्टर जोडू नका आणि सगळी उपकरणं एकाच आरसीसीबीवर असतील तर भार वाटून घ्या. आरसीसीबी बायपास करणं हा पर्यायच नाही.

सर्ज प्रोटेक्टर निवडताना काय पाहावं?

बहुतेकांत झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात, त्यांना एमओव्ही म्हणतात. व्होल्टेज ठरावीक पातळीवर गेलं की ती चकती वाहू लागते आणि झटका बाजूला वळवते. २३० व्होल्टच्या प्रोटेक्टरमध्ये सहसा २७५ व्होल्टची एमओव्ही असते आणि ती झटक्याला ७०० व्होल्टच्या आसपास रोखते. प्रत्येक मोठ्या झटक्यात चकती थोडी झिजते. म्हणून संरक्षण शाबूत आहे की नाही हे सांगणारा दिवा हवाच, आणि चकती तापली तर तिला तोडणारा थर्मल फ्यूजही. सिरीज मोड प्रकारात मोठी कॉइल झटक्याची धार बोथट करते. तो जड असतो, पण असा झिजत नाही.

प्रोटेक्टर एकटा पुरत नाही. मेन बोर्डात टाइप २ चा सर्ज अरेस्टर आणि सिस्टिमपाशी टाइप ३ चा, अशी जोडी लावा. अँटेना आणि नेटवर्कच्या तारेतूनही झटका येतो, हे विसरलं जातं. पावसाळी वादळात मात्र प्लग काढून ठेवणं हाच खात्रीचा मार्ग, कारण थेट पडलेल्या विजेपुढे कुठलाही डबा टिकत नाही.

आणखी एक धोका एमओव्हीच्या आवाक्याबाहेरचा आहे. थ्री-फेज पुरवठ्यात न्यूट्रल तुटला की एखाद्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि कित्येक मिनिटं तिथेच राहतं. एमओव्ही मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी आहे, अशा वेळी ती जळून जाते आणि मागोमाग उपकरणं. यासाठी व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की पुरवठा तोडणारा आणि थोडा वेळ थांबून परत जोडणारा कट-ऑफ लागतो. जिथे व्होल्टेजचा भरवसा नाही तिथे मी फिल्टरच्या आधी हा घेईन.

साधा स्टॅबिलायझर चालेल का?

व्होल्टेज खरोखर मर्यादेबाहेर जात असेल तर चालेल. रिलेवाला टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलतो, टप्पा बदलताना काही मिलिसेकंदांचा खंड पडतो आणि कधी स्पीकरमध्ये टिक ऐकू येते. सर्व्होवाला सलग बदलतो, पण मोटरने फिरतो म्हणून संथ. गोंगाटावर दोघांचाही काही परिणाम नाही.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि बॅलन्स्ड पॉवर यांत काय मिळतं?

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा संबंध फक्त चुंबकीय असतो. मधे शिल्ड असेल तर अर्थच्या तुलनेत येणारा गोंगाट तो चांगला अडवतो, आणि हे काम तो साध्या फिल्टरपेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीपासून सुरू करतो. बॅलन्स्ड प्रकारात बाहेर ११५-०-११५ व्होल्ट मिळतात. दोन्ही तारांतून अर्थकडे गळणारे करंट उलट दिशेचे असल्यामुळे बऱ्याच अंशी एकमेकांना मारतात. फोनो स्टेज असलेल्या सिस्टिममध्ये याचा गुण येऊ शकतो.

त्याची किंमत मोजावी लागते ती वजनाने आणि सुरक्षेच्या नियमांनी. बॅलन्स्डमध्ये दोन्ही तारा जिवंत असतात, त्यामुळे एकेरी स्विचचं उपकरण बंद करूनही आत व्होल्टेज राहतं. मेन बोर्डातला आरसीसीबी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा दोष पाहू शकत नाही. दुहेरी ब्रेकर आणि बाहेरच्या बाजूला स्वतंत्र आरसीसीबी नसलेलं यंत्र घेऊ नका.

रिजनरेटरऐवजी ऑनलाइन यूपीएस वापरला तर?

तत्त्व एकच. डबल कन्व्हर्जन ऑनलाइन यूपीएस सतत नवी साइन वेव्ह बनवतो, व्होल्टेज स्थिर ठेवतो आणि वीज गेल्यावर एका क्षणाचाही खंड पडू देत नाही. पण त्याचा पंखा ऐकू येतो आणि त्याच्या इन्व्हर्टरचा स्वतःचा हाय फ्रिक्वेन्सी गोंगाट असतो. तो शेजारच्या खोलीत ठेवता आला तर उत्तम. ऑडिओसाठी बनवलेले रिजनरेटर शांत असतात, मात्र उष्णता तेही टाकतात. ज्याच्या बॅटरीवरच्या आउटपुटला "मॉडिफाइड साइन" म्हणतात असा साधा यूपीएस किंवा इन्व्हर्टर टाळा. त्यावर ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो आणि तापतो.

किती व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे किती क्षमतेचा) घ्यायचा?

उपकरणांच्या मागचे आकडे मिळवून बेरीज करू नका, ती फार फुगते. १०० वॅटचे दोन चॅनल असलेला क्लास एबी ॲम्प दोन्ही चॅनलवर पूर्ण ताकदीने चालला तर भिंतीतून साधारण ३३० वॅट ओढेल. पण गाण्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा १० ते २० डेसिबलने खाली असते, म्हणून घरच्या ऐकण्यात तो १०० वॅटच्या आसपासच घुटमळतो.

करंट मात्र सलग येत नाही, प्रत्येक शिखरावर छोट्या उसळ्या घेत येतो. फिल्टर किंवा ट्रान्सफॉर्मर घेताना त्या उसळ्यांसाठी जागा ठेवा. पूर्ण ताकदीच्या वापराच्या दुप्पट व्हीए म्हणजे निर्धास्त. वरच्या ॲम्पला ७०० व्हीए आणि डॅक-स्ट्रीमरसाठी थोडे जास्त. मोठा टोरॉइड चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट घेतो, त्यात बी प्रकारचा एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडू शकतो. तिथे सी प्रकारचा बसवता येईल का, हे वायरिंग तपासून इलेक्ट्रिशियनने ठरवावं.

पॉवर ॲम्प कंडिशनरला लावू की थेट भिंतीला?

लहान कॉइलच्या स्वस्त फिल्टरला मोठा ॲम्प लावला तर शिखरावरचा करंट अडतो आणि ड्रमचा ठोका मलूल वाटू शकतो. अशा वेळी ॲम्पला फक्त सर्ज संरक्षण द्या आणि डॅक, फोनो, प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधीचं यंत्र) फिल्टरवर ठेवा. दोन्ही एकाच भिंतीच्या सॉकेटवरून घ्या, नाहीतर ग्राउंड लूप तुम्हीच तयार कराल.

वायरिंगचाही हिशेब करा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत २० मीटरवर जाऊन-येऊन सुमारे ०.३ ओम रोध येतो, म्हणजे १० अँपिअरच्या उसळीला ३ व्होल्ट पडतात. मेन बोर्डापासून ऑडिओसाठी स्वतंत्र लाइन ओढता आली तर हा उपाय कित्येक कंडिशनरपेक्षा सरस आहे.

वीजवाहिनीतून इंटरनेट नेणारा अडॅप्टर कंडिशनरवर चालेल?

नाही. तो मुख्यतः २ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो आणि फिल्टर नेमका तोच पट्टा अडवतो. त्याला वेगळ्या सॉकेटवर न्या. शक्य असेल तर नेटवर्कची केबलच ओढा, म्हणजे घरातला एक गोंगाट कमी होईल.

फरक पडला की नाही हे कसं ओळखायचं?

स्वतः प्लग बदलून लगेच ऐकू नका. दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा, कधी बदललं ते तुम्हाला कळता कामा नये, आणि आवाजाची पातळी तीच ठेवा. दर वेळी कंडिशनर आहे की नाही ते लिहून ठेवा, मग ताडून पाहा. ऑडिओ इंटरफेस असेल तर गाणं नसताना प्रीॲम्पचं आउटपुट रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रममध्ये ५०, १००, १५० हर्ट्झचे खांब किती उंच आहेत ते आधी-नंतर पाहा. परत करण्याची मुदत असेल तर ही चाचणी त्या मुदतीतच उरका.

तो किती वर्षं टिकतो?

ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल दीर्घकाळ टिकतात. एमओव्ही मात्र किती झटके खाल्ले त्यावर अवलंबून. संरक्षणाचा दिवा विझला, किंवा जवळ वीज पडून घरातलं दुसरं काही जळलं, तर प्रोटेक्टर चालू दिसत असला तरी बदला. सॉकेटवरही लक्ष ठेवा. प्लग सैल बसू लागला किंवा त्याभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल तर ते सॉकेट तापतंय. त्यावर ॲम्प पुन्हा लावण्याआधी ते बदलून घ्या.